नऊ जणांचं एकमत आणि न बोललेली एक गोष्ट

पत्र : गेल्या वर्षी आमच्या टीमची फेररचना झाली. आधी आम्ही सहा जण होतो, सगळे एकाच विभागातले, एकाच साच्यातले. आता नऊ आहोत : खरेदी, उत्पादन, हिशेब, विक्री, ग्राहकसेवा. दोघं नुकतेच कॉलेजमधून आलेले, एक जण निवृत्तीला टेकलेले, दोघींची भाषा आमच्याहून वेगळी. बैठका चालवायचं काम, म्हणजे फॅसिलिटेशन, माझ्याकडे आहे. निर्णय माझा नसतो, तो घडवून आणायचा असतो. पूर्वी अर्ध्या तासात उरकायचं तिथे आता दोन तास लागतात. साहेब सुरुवातीलाच आपला कल सांगतात, त्यामुळे निदान चर्चा भरकटत नाही. शेवटी मी आवर्जून विचारते, ‘कुणाला काही म्हणायचंय का?’ तरीही मध्यंतरी घोळ झाला. एक पुरवठादार आम्ही एकमताने निवडला आणि मग कळलं, की त्याच्या मालाबद्दलच्या जुन्या तक्रारी ग्राहकसेवेतल्या मुलीला ठाऊक होत्या. ती बैठकीत होती आणि गप्प बसली होती. साहेब म्हणाले, ‘ही आवळ्याची मोट आहे, दुसरं काय होणार?’ वैविध्याने निर्णय चांगले होतात असं सगळीकडे वाचते. मग आमच्याकडे उलटं का? टीम चुकीची आहे की मी? पुढच्या महिन्यात पुन्हा पुरवठादार निवडायचाय. — बैठकीत अडकलेली

उत्तर : टीम चुकीची नाही. तुम्हीही नाही, म्हणजे अगदी पूर्णपणे नाही. घोडं कुठे पेंड खातंय ते तुमच्याच पत्रात आहे, फक्त तुम्ही ते सोयीची गोष्ट म्हणून लिहिलंय. त्याकडे येतेच. पण आधी त्या मुलीबद्दल बोलू, कारण तिच्या गप्प बसण्यात तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे.

कुणी बैठकीत बोललं नाही की आपण लगेच स्वभावावर जातो. बुजरी आहे, आत्मविश्वास नाही, तिला काही पडलेली नाही. पण गटात बसलेल्या माणसाच्या तोंडून काय बाहेर पडतं आणि काय आत राहतं, याचा स्वभावाशी संबंध आपण समजतो त्यापेक्षा कमी असतो. गॅरोल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. चार-चार विद्यार्थ्यांच्या गटांना विद्यार्थी संघटनेच्या अध्यक्षपदासाठी तीन उमेदवारांतून एक निवडायला सांगितलं. सगळी माहिती एकत्र पाहिली तर एक उमेदवार उघडच सरस होता. पण काही गटांत ही माहिती वाटून दिली होती. त्या उमेदवाराचे काही गुण याच्याजवळ, काही त्याच्याजवळ, आणि दुसऱ्या एका उमेदवाराबद्दलच्या चांगल्या गोष्टी मात्र सगळ्यांजवळ. चौघांनी आपापलं पान मोकळेपणाने वाचून दाखवलं असतं तर योग्य नाव समोर आलं असतं. ज्या गटांत सगळ्यांना सगळं माहीत होतं त्यांच्यापैकी बहुतेकांनी बरोबर निवड केली. वाटून दिलेल्या गटांपैकी बहुतेकांनी चुकीची केली. यांत कुणी काही लपवत नव्हतं. त्यांनी चर्चाही भरपूर केली, पण जे सगळ्यांना आधीच माहीत होतं त्याचीच.

असं का होतं? एक कारण नुसतं गणिताचं आहे. एखादी गोष्ट आठ जणांना ठाऊक असेल तर ती कुणा ना कुणाच्या तोंडून निघायला आठ वाटा आहेत. एकालाच ठाऊक असेल तर एकच वाट, आणि ती त्या एका माणसाच्या भिडेवर अवलंबून. दुसरं कारण जास्त चिवट आहे. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट कुणी बोललं की आजूबाजूला माना डोलतात, ‘हो, बरोबर, आमच्याकडेही तेच’ असं होतं, दोघं-तिघं री ओढतात आणि बोलणाऱ्याला आपण शहाणं बोललो असं वाटतं. एकट्याला माहीत असलेली गोष्ट तो बोलला तर मान डोलवायला कुणी नसतं, कारण ती खरी की खोटी हे कुणाला पडताळताच येत नाही. क्षणभर शांतता पसरते, मग कुणीतरी म्हणतं, ‘ठीक आहे, ते बघू,’ आणि गाडी पुढे जाते. दोनदा असा अनुभव आला की माणूस तिसऱ्यांदा तोंड उघडत नाही. २०१२ साली अशा ६५ अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. माहिती विखुरलेल्या गटांना योग्य उत्तर सापडण्याची शक्यता, सगळं सगळ्यांना माहीत असलेल्या गटांच्या तुलनेत आठपटीने कमी आढळली.

आता तुमची जुनी टीम आठवा. सहाही जण एका विभागातले, म्हणजे एकाला जे माहीत ते बहुतेक सगळ्यांना माहीत. तिथे अर्धा तास पुरत होता कारण सांगण्यासारखं नवं फारसं नव्हतंच. नव्या टीममध्ये नऊ जणांकडे नऊ ठिकाणची माहिती आहे. कागदावर हा फायदा दिसतो, आणि तो खराही आहे. पण वरच्या प्रयोगाची मांडणी आणि तुमची टीम शेजारी ठेवून बघा, दोन्ही हुबेहूब सारखी दिसतील. टीम जितकी वेगवेगळी, तितकी एकेकट्याजवळची माहिती जास्त, आणि ती एकेकट्याजवळच राहण्याचा धोकाही तितकाच जास्त. वैविध्य आणलं आणि बैठक मात्र जुन्याच पद्धतीने चालवली, तर नव्या माहितीतलं काहीच हाती लागत नाही, फक्त वेळ तिप्पट-चौपट जातो. तुमच्याकडे नेमकं हेच झालंय. त्या मुलीला कदाचित असंही वाटलं असेल की या तक्रारी खरेदीवाल्यांना ठाऊक असणारच. आपल्याला जे ठाऊक ते सगळ्यांना ठाऊक असणार, हा समज भल्याभल्यांचा असतो.

वैविध्याने निर्णय चांगले होतात असं तुम्ही सगळीकडे वाचता. मीही वाचते, आणि थोडी वैतागते. अनेक अभ्यास एकत्र करून सरासरी काढली तर वय, वंश, लिंग अशा वरवर दिसणाऱ्या वेगळेपणाचा टीमच्या कामगिरीवर होणारा परिणाम अगदी थोडा निघतो. कामाशी जोडलेल्या वेगळेपणाचा, म्हणजे कोण कुठल्या विभागातून आलंय वगैरे, थोडा बरा निघतो. सरासरी इतकी फिकी का, याची पटण्यासारखी मांडणी व्हान क्निपेनबर्ग आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २००४ साली केली. त्यांचं म्हणणं असं, की वेगळेपण एकाच वेळी दोन दिशांना ओढतं. एकीकडे ते नवी माहिती आणि नवी नजर आणतं, आणि ती नीट तपासून घेतली तर निर्णय सुधारतो. दुसरीकडे ते ‘आपण’ आणि ‘ते’ अशी विभागणी करतं, आणि ती पक्की झाली की समोरच्याचं बोलणं कानापर्यंत येतं, आत जात नाही. कुठली ओढ जिंकेल हे टीममधल्या माणसांच्या यादीवरून सांगता येत नाही. ते त्या खोलीत काय घडतं यावर ठरतं, आणि त्या खोलीत तुम्ही उभ्या असता. म्हणून तुमची भूमिका तुम्ही समजता त्याहून मोठी आहे.

तुमच्या साहेबांच्या ‘आवळ्याच्या मोटे’चा समाचार घेण्याआधी दोन प्रयोग सांगते. दोन्ही अमेरिकेतले आहेत आणि एकमेकांना न ओळखणाऱ्या किंवा विद्यार्थी मंडळींवर केलेले आहेत. तिथे पगारवाढ साहेबांच्या हातात नव्हती, हे ध्यानात ठेवून ऐका.

पहिला सॅम्युअल सॉमर्स यांचा, २००६ सालचा. सहा जणांच्या नकली ज्युरींना एका कृष्णवर्णीय आरोपीचा खटला व्हिडिओवर दाखवला. काही ज्युरींत सहाही गोरे होते, काहींत चार गोरे आणि दोन कृष्णवर्णीय. मिश्र ज्युरींनी जास्त वेळ चर्चा केली, खटल्यातले जास्त मुद्दे काढले आणि तथ्यांच्या चुका कमी केल्या. इथवर अपेक्षितच म्हणा. गंमत अशी, की ही सुधारणा नवी माहिती घेऊन आलेल्या कृष्णवर्णीय सदस्यांमुळे झाली असं म्हणता येईना. मिश्र गटात बसलेले गोरे सदस्यच जास्त काटेकोर झाले होते. आपल्यासारखाच विचार करणाऱ्यांत बसलं की माणूस सैलावतो, वेगळं कुणी समोर असलं की बोलण्याआधी आपलं म्हणणं एकदा तपासून घेतो. तेव्हा वेगळेपणाचा फायदा फक्त ‘वेगळ्या’ माणसांनी आणून द्यायचा असतो हा समज सोडा. त्या दोन नव्या मुलांकडून प्रत्येक बैठकीत काहीतरी ताजं निघावं अशी अपेक्षा असेल तर ती त्यांच्यावर अन्याय करणारी आहे.

दुसरा कॅथरीन फिलिप्स आणि सहकाऱ्यांचा, २००९ सालचा. एकाच विद्यार्थी-मंडळातल्या तिघांना खुनाचं एक कोडं सोडवायला दिलं. थोड्या वेळाने चौथा माणूस आत आला, कधी त्यांच्याच मंडळातला, कधी बाहेरचा. बाहेरचा आला तेव्हा बरोबर उत्तर मिळण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं. पण त्या गटांना विचारलं तर ते म्हणाले, चर्चा काही नीट झाली नाही, आणि उत्तराची खात्रीही त्यांना कमी होती. उलट आपलाच माणूस आलेल्या गटांना चर्चा झकास झाली असं वाटत होतं आणि आपलं उत्तर बरोबर असल्याची खात्री जास्त होती.

साहेबांना आणि तुम्हालाही हा दुसरा प्रयोग लागू आहे. ‘पूर्वी कसं पटकन व्हायचं’ या आठवणीत निर्णयाचा दर्जा नसतो, बैठकीतून बाहेर पडतानाचा मूड असतो. जुन्या सहा जणांनी घेतलेले निर्णय पुढे कसे ठरले, हे कुणी तपासलंय का? पत्रात तसं काही दिसत नाही. दमलेले चेहरे हे बैठक बिघडल्याचं लक्षण मानू नका. अर्थात ते बैठक चांगली झाल्याचंही लक्षण नाही, हे सांगायला हवं. नाहीतर प्रत्येक कंटाळवाण्या बैठकीला ‘वैविध्याची किंमत’ म्हणून खपवायची नवी सोय होईल.

मला खरी काळजी वाटली ती वेगळ्याच गोष्टीची : नऊ इतकी वेगवेगळी माणसं आणि एकमत. एखाद्या किरकोळ बाबीवर असं होऊ शकतं. पुरवठादारासारख्या विषयावर, जिथे खरेदीला दर दिसतो, उत्पादनाला दर्जा, हिशेबाला उधारीची मुदत आणि ग्राहकसेवेला तक्रारी, तिथे कुणाचंच काही वेगळं म्हणणं नसेल, तर एकतर चर्चा सुरू होण्याआधीच निकाल लागला होता किंवा कुणाचं तरी म्हणणं गिळलं गेलं होतं. तुमच्या पत्रावरून दोन्ही झालं असं दिसतं.

आता पेंडीकडे येऊ. ‘साहेब सुरुवातीलाच आपला कल सांगतात, त्यामुळे निदान चर्चा भरकटत नाही.’ हे तुम्ही जमेच्या बाजूला लिहिलंय. मी ते खर्चाच्या बाजूला टाकेन. गटातल्यांची पसंती आधी कळली तर लोक समोर आलेल्या माहितीकडे कमी लक्ष देतात आणि निर्णय बिघडतो, असं मोझिश आणि शुल्झ-हार्ट यांनी २०१० साली दाखवलं. तेही बरोबरीच्या माणसांत. इथे तर साहेब. त्यांनी कल सांगितला की बाकीच्या आठ जणांसमोरचा प्रश्न बदलतो. ‘कुठला पुरवठादार चांगला?’ याऐवजी ‘साहेबांच्या पुरवठादाराविरुद्ध बोलण्याइतकं माझं म्हणणं वजनदार आहे का?’ असा प्रश्न होतो. पाच-सहा जुन्या तक्रारी, त्याही कुणाच्या तरी वहीत, एवढ्या बळावर त्या मुलीने बोलायला हवं होतं असं म्हणणं सोपं आहे. तिच्या खुर्चीवर बसून बघा.

आणि तुमचा तो आवर्जून विचारलेला प्रश्न. हेतू चांगला आहे, यात शंका नाही. पण ‘कुणाला काही म्हणायचंय का?’ हा प्रश्न शेवटी येतो, लोक फाइली आवरत असतात, निर्णय जवळपास झालेला असतो आणि बोलणाऱ्याने तो मोडायचा असतो. शिवाय तो प्रश्न ‘कुणाला’ असतो, म्हणजे कुणालाच नसतो. हा प्रश्न मी तुमच्या जागी कायमचा बंद करेन.

पुढच्या महिन्यातल्या बैठकीसाठी काय करावं ते सांगते. यातलं बरंचसं बैठकीच्या आधीच करायचं आहे.

तीन-चार दिवस आधी प्रत्येकाला एकच प्रश्न पाठवा, आणि तो प्रत्येकाला वेगळा. पसंती विचारू नका. समजा, यादीत तीन पुरवठादार आहेत. ग्राहकसेवेला विचारा, ‘या तीन पुरवठादारांच्या मालाबद्दल गेल्या वर्षभरात कोणत्या तक्रारी आल्या?’ हिशेबाला, ‘बिलं आणि उधारी यांचा अनुभव काय?’ उत्पादनाला, ‘कुणाचा माल परत पाठवावा लागला, कशामुळे?’ नव्या मुलांकडे माहिती नसेल तर त्यांना काम द्या, तिघांच्या अटींची तुलना करून आणा म्हणावं. उत्तरं लेखी मागवा, चार-पाच ओळी पुरे. ज्या दोघींची भाषा वेगळी आहे त्यांना याचा सगळ्यात जास्त फायदा होईल. परक्या भाषेत वाक्य मनात जुळवेपर्यंत चर्चा दोन मुद्दे पुढे गेलेली असते, आणि मग मागचा मुद्दा उकरणं नको वाटतं. लोक त्याला अबोलपणा समजतात. त्यांना हवं असेल तर बैठकीत मध्ये पाच मिनिटं थांबून दोघींना आपसांत आपल्या भाषेत बोलू द्या आणि मग सगळ्यांना सांगू द्या. कुणी कुरकुर केली तर ती पाच मिनिटं बाकीच्यांनी चहाला घ्यावीत.

बैठक सुरू होताच, विषयाच्याही आधी, कोणाकडे कशाची माहिती आहे ते सगळ्यांसमोर मोठ्याने सांगा. ‘तक्रारींबद्दल हिला विचारायचं, परत गेलेल्या मालाबद्दल यांना.’ हे औपचारिक वाटेल, पण याने दोन गोष्टी होतात. ऐकणाऱ्याला कळतं की हे बोलतील ते ऐकीव नाही. बोलणाऱ्यालाही कळतं की हे आपण नाही सांगितलं तर दुसरं कुणी सांगणार नाही. कुणाकडे कशाचं ज्ञान आहे हे गटात जाहीर केलं की एकेकट्याजवळची माहिती जास्त बाहेर येते, असं स्टॅसर यांच्याच पुढच्या संशोधनात दिसलंय. भीड मोडायला ‘मोकळेपणाने बोला हं’ या वाक्याचा उपयोग होत नाही, नेमून दिलेल्या जबाबदारीचा होतो.

मग पहिली फेरी फक्त माहितीची. या फेरीत ‘मला वाटतं अमुक घ्यावा’ असं कुणी म्हणालं की हसतमुखाने थांबवायचं, ते निवृत्तीला टेकलेले गृहस्थ असले तरी. लेखी आलेलं सगळं फळ्यावर जायला हवं. आधी एकट्याने लिहायचं, मग एकेकाने वाचायचं, मग चर्चा, आणि मत गुप्तपणे द्यायचं, ही पद्धत डेलबेक आणि व्हान द व्हेन यांनी १९७१ साली बांधली आणि ती अजून टिकून आहे. कारण तीत कुणाचा आवाज मोठा याला किंमत उरत नाही.

आता तुमच्या कौशल्याचा खरा भाग. फळ्यावर एकाच माणसाने सांगितलेली, कुणी मान न डोलावलेली जी गोष्ट असेल, ती तुम्ही उचलायची आणि पुन्हा म्हणायची. एकदा लगेच, आणि एकदा पंधरा-वीस मिनिटांनी. ‘मघाशी दुसऱ्या पुरवठादाराच्या पॅकिंगबद्दल एक मुद्दा आला होता. तो खरा असेल तर आपण आत्ता जे बोलतोय त्यात काय बदलतं?’ डॉक्टरांच्या टीमवर लार्सन आणि सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात केलेल्या अभ्यासात, टीमचे प्रमुख इतरांपेक्षा जास्त प्रश्न विचारतात आणि एकेकट्याने आणलेली माहिती जास्त वेळा पुन्हा समोर ठेवतात, असं दिसलं. तुमच्याकडे ते काम तुम्ही करा. एकट्याचा मुद्दा पोरका नसतो, हे दोन-तीन बैठकांत लोकांच्या लक्षात येतं. सॉलोमन ॲश यांच्या १९५० च्या दशकातल्या गाजलेल्या प्रयोगांत, सगळे मिळून डोळ्यांदेखत चुकीचं उत्तर देत असताना बरीच माणसं त्यांच्यामागे गेली. पण सोबतीला फक्त एक जण निघाला की मागे जाणं झपाट्याने कमी झालं. म्हणून तो मुद्दा तुम्ही पुन्हा म्हणणं महत्त्वाचं आहे. बाजू घेऊ नका, जागा द्या.

‘यातला एक निवडा’ म्हणण्याऐवजी तिन्ही पुरवठादारांचा क्रम लावायला सांगा. एक निवडायचा म्हटलं की चर्चा त्या एकाभोवती फिरते आणि बाकीचे दोन नुसते हजेरीला उरतात. क्रम लावायचा तर तिसऱ्याबद्दलही बोलावं लागतं.

एक करू नका. कुणालातरी मुद्दाम विरोधी बाजू मांडायला बसवण्याची एक फॅशन आहे. शार्लन नेमेथ आणि सहकाऱ्यांनी २००१ साली तपासलं, तेव्हा असा नेमलेला विरोधक खऱ्या मतभेदाची बरोबरी करू शकत नाही असं निघालं. सगळ्यांना ठाऊक असतं की हा नाटक करतोय, मग त्याचं खंडन करायची मजा घेतली जाते आणि मूळ मत उलट घट्ट होतं. तुमच्याकडे नऊ जणांत खरे मतभेद आहेत, ते उसने आणायची गरज नाही. आणि मतभेद करणारा चुकत असला तरी बिघडत नाही. २००६ सालच्या एका प्रयोगात, सुरुवातीला गटातल्या कुणाचंच मत बरोबर नव्हतं, फक्त प्रत्येकाची चूक वेगवेगळी होती, तरी असे गट एकमताने चुकणाऱ्या गटांपेक्षा चांगल्या निर्णयाला पोचले. मत वेगळं निघालं की माहिती पुन्हा उलगडून बघावी लागते, इतकं साधं आहे ते.

तुमच्या टीमबद्दल आणखी एक शंका आहे, ती तुम्हीच पडताळून बघा. डोरा लाउ आणि कीथ मर्निगन यांनी १९९८ साली एक मुद्दा मांडला : वेगळेपण किती आहे यापेक्षा ते कसं रचलं गेलंय हे जास्त बघायला हवं. समजा वयाने मोठे ते सगळे उत्पादनातले, पुरुष, एका भाषेचे, आणि वयाने लहान त्या सगळ्या ग्राहकसेवेतल्या, बायका, दुसऱ्या भाषेच्या. मग वय, विभाग, लिंग, भाषा या चारही रेषा एकावर एक पडतात आणि टीमला आरपार भेग जाते. तेच वेगळेपण आडवंतिडवं विखुरलेलं असेल, म्हणजे कुणाशी विभाग जुळतो, कुणाशी वय, कुणाशी भाषा, तर अशी भेग पडत नाही. एका कागदावर नऊ नावं लिहा आणि समोर या चार गोष्टी. मग बैठकीत कोण कुणाशेजारी बसतं आणि कोण बोलल्यावर कोण मान डोलावतं, ते आठवा. दोन याद्या जुळल्या तर आवळे कुठे विखुरतात ते कळेल. त्यावर उपाय भाषणांनी होत नाही. छोटी कामं जोड्यांना द्या आणि जोड्या मुद्दाम भेगेच्या आरपार लावा. निवृत्तीला टेकलेले गृहस्थ आणि ग्राहकसेवेतली मुलगी यांनी मिळून तक्रारींची छाननी करावी. त्यांच्याकडे पुरवठादारांचा वीस-तीस वर्षांचा इतिहास असेल आणि तिच्याकडे ताजे फोन.

हेही सांगते, की प्रत्येक निर्णयाला नऊ जण लागत नाहीत. स्टेशनरी कुठून घ्यायची, सुट्ट्यांचा तक्ता कसा करायचा, अशा विषयांत लागणारी माहिती सगळ्यांना सारखीच असते. तिथे तिघांना बसवा आणि उरका. दोन तासांची बैठक लोकांना तेव्हाच सहन होते जेव्हा ती कधीतरीच असते. माझ्या मते तुमच्याकडच्या थकव्याचा बराचसा भाग इथून येत असणार.

आणि थोडा काळ द्या. वॉटसन, कुमार आणि मिकेल्सन यांनी १९९३ साली विद्यार्थ्यांच्या एकजिनसी आणि मिश्र गटांची १७ आठवडे तुलना केली. सुरुवातीला मिश्र गट मागे होते, एकमेकांशी जुळवून घेण्यातच अडखळत होते. सतराव्या आठवड्यापर्यंत एकूण कामगिरीत ते बरोबरीला आले, आणि प्रश्नाकडे वेगवेगळ्या बाजूंनी बघणं, पर्याय सुचवणं यांत पुढे गेले. पण त्यांना मधूनमधून आपलं काम कसं चाललंय याची माहिती मिळत होती, हे विसरू नका. नुसत्या काळाने काही होत नाही. तुमच्या टीमला वर्ष होऊन गेलंय. या वर्षात ‘आपण निर्णय कसे घेतो’ यावर एकदा तरी बोलणं झालं का?

त्या मुलीशी बोलाच, पण ‘तू का बोलली नाहीस?’ असं विचारू नका. या प्रश्नाला माफी मागण्यापलीकडे उत्तर नसतं. ‘त्या दिवशी बैठकीत काय वेगळं असतं तर तुला ते सांगता आलं असतं?’ असं विचारा, आणि ती जे सांगेल त्यातली एक तरी गोष्ट पुढच्या बैठकीत खरोखर करून दाखवा. ती म्हणाली, ‘साहेबांनी आधीच ठरवलंय असं वाटलं,’ तर तिचं नाव न घेता ते साहेबांपर्यंत न्यायचं काम तुमचं.

साहेबांशी बोलताना वैविध्याचं नाव काढू नका, ते लगेच आवळ्यांवर येतील. त्यांना पुरवठादाराच्या भाषेत सांगा : ‘मागच्या वेळी जी माहिती आपल्याकडे होती ती टेबलावर आली नाही. या वेळी यावी म्हणून एक बदल हवाय. तुमचं मत सगळ्यात शेवटी घेऊ. अंतिम शब्द तुमचाच राहील.’ ‘अंतिम शब्द तुमचाच’ हे आवर्जून म्हणा, कारण त्यांना मत शेवटी द्यायला सांगणं म्हणजे अधिकार काढून घेणं असं वाटण्याची शक्यता आहे, आणि तसं ते नाहीच. ते कबूल झाले तरी पहिल्या दोन-तीन वेळा भुवया उंचावून किंवा ‘हंऽऽ’ करून कल सांगतीलच. सवय आहे ती. अशा वेळी तुम्ही लगेच फळ्यावरच्या पुढच्या नावाकडे वळायचं.

नाहीच ऐकलं, तर पहिल्या पाऊण तासाला त्यांना दुसरं काम निघेल अशी वेळ ठरवा. माहितीची फेरी आठ जणांत पुरी करा, फळा भरा, आणि साहेब आत आले की त्यांना बसायच्या आधी तो वाचायला सांगा.